दर तासाला एक ग्लास

भाविका : ...मग डॉक्टरांनी विचारलं, "यांना एवढं पाणी पाजतंय कोण?" मी तुझंच नाव सांगितलं. कॉलर ताठ कर, परेश.

परेश : ताई, उगाच काय! पाण्यानं कुणाचं वाईट झालंय? पाण्याच्या अ‍ॅपमध्ये स्पष्ट आहे, माणसाला दिवसाला तीन लिटर.

भाविका : कुठल्या माणसाला? जिममध्ये घाम गाळणाऱ्या तुला, की हार्ट थकलेल्या आपल्या आईला? पाय बघ तिचे. चपला चढेनात म्हणून दवाखान्यात अनवाणी नेली. जिना चढताना धाप लागली ती वेगळीच.

परेश : मला वाटलं, बसून बसून सूज आली. म्हणून तर दोन ग्लास वाढवले ना!

भाविका : झकास! आगीत तेल ओत अजून.

पुतळाबाई : ए, ओरडू नको गं त्याला. आम्ही मासळी घेऊन बाजारात बसायचो, तेव्हा कोण मोजत होतं पाणी? सकाळचा चहा, तो दुपारपर्यंत. प्यायलं तर जायचं कुठं? बायकांना संडास होता का तिथं?

भाविका : त्याची काय फुशारकी, आई? तेही वाईटच. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना एक माप नसतं. ऊन, काम, आजार बघायचा. धडधाकट माणसानं तहान लागली की प्यावं. तुला मात्र दिवसाला एक लिटर, चहा-कालवण धरून.

परेश : मग हे आधी सांगायचं ना त्यांनी!

भाविका : सांगितलं होतं. मागच्या वेळी हॉस्पिटलमधून सोडताना, आईलाच. विचार तिला.

परेश : आई?

पुतळाबाई : सांगितलेलं.

परेश : आणि तरी पीत राहिलीस? वर मलाच म्हणायचीस, 'आण रे बाबा, घसा सुकला'!

पुतळाबाई : सगळं नाही प्यायले. मध्येच तुला फोन आला की उरलेलं त्या मनी प्लांटला.

भाविका : ते बघ खिडकीत, तेही कुजलं. झाड कुजलं, आई सुजली. अ‍ॅपवाले बक्षीस काय देतात रे?

परेश : ताई, गप ना यार! आई, का पण? काही झालं असतं म्हणजे?

पुतळाबाई : तू घरातूनच काम करतोस. पण दार लावून, कानात ते घालून. जेवायला हाक मारली तर म्हणतोस, मेसेज कर. हे पाण्याचं खूळ आलं तेव्हापासून दर तासाला येतोस. ग्लास संपेपर्यंत खाटेवर बसतोस. मग मी पण सावकाश प्यायचे.

(परेशच्या मोबाइलवर पाण्याची घंटी वाजते.)

भाविका : बंद कर ते आधी.

परेश : केलं. मग... आता काय आणू गं, आई?

पुतळाबाई : काही नको आणू. मोकळ्या हातानं ये.