नानांच्या ओसरीवरच्या कोंबड्या

आमच्या नानांसारखा शेजारी मिळायला नशीब लागतं राव! नव्वदच्या आसपासची गोष्ट. केळीच्या बागेत मोकळ्या चारून सहा महिने वाढवलेल्या गावठी कोंबड्या सोडून मी सावद्याला लग्नाला गेलो, अन् मागे वादळानं खुराडंच उडवलं. येऊन बघतो तर एकही कोंबडी नाही!

रडकुंडीला येऊन नानांकडे गेलो. नाना पक्के माळकरी, घरात अंडंसुद्धा येऊ देत नसत. अन् त्यांच्याच ओसरीवर माझ्या कोंबड्या दाणे टिपताहेत! मोजल्या, तर सगळ्याच्या सगळ्या आहेत.

नाना म्हणाले, "मी खात नही, म्हनीसन तर बठ्ठ्या शेतस!"

मी हात जोडले. "नाना, उपकार कसे फेडू? तुम्हाला तर अंडंही चालत नाही."

"तो तांबडा कोंबडा दे."

मी त्यांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं.

"कापाले नही रे! आज पहाटे भजनले त्यानीच माले उठाडं."

तो कोंबडा म्हातारा होऊन मेला, माळकऱ्याच्या ओसरीवर.