घर विकणे आहे

हार्लन : अजून एक हाण. खोल जाऊ दे. चर्चमधून परत येताना त्या गणितमास्तराला कोपऱ्यावरूनच वाचता आली पाहिजे पाटी.

मर्ल : दाजी, नोव्हेंबर आहे. जमीन दगड झालीय. हातोडा उलट माझ्याच मनगटात बसतोय.

हार्लन : आण इकडे. जन्मभर घरं विकतोस आणि साधी पाटी ठोकता येत नाही? आर्डिसचा सख्खा भाऊच ना रे तू?

मर्ल : आमच्या हापिसात ठोकायला वेगळा माणूस आहे. मी नुसत्या आणल्या. बाकी काही म्हणा, घर एक आणि ‘विकणे आहे’ सहा ठिकाणी, असं मी धंद्यात कधी पाहिलं नाही.

हार्लन : धंदा कसला, ही गावची रीत आहे. कॉलेजचा कोच हरायला लागला की त्याच्या अंगणात पाटी लागते. माझ्या वेळच्या कोचला तीन लागल्या होत्या, आणि तो निम्मे सामने जिंकला होता! हा टिंडल नऊपैकी एक जिंकलाय. तोही समोरच्यांची बस वाटेत बंद पडली, पोरं अर्धमेली होऊन पोचली म्हणून.

मर्ल : दाजी.

हार्लन : काय?

मर्ल : पाटीवर माझा फोन नंबर छापलाय.

हार्लन : मग?

मर्ल : मग काय! तो पहिला फोन मलाच करणार!

हार्लन : कर म्हणावं. घर विक त्याचं, दलाली खा. शेळपट कुठला. धर ही सरळ.

मर्ल : धरलीय. पण हळू मारा, शेजारी ऐकतील.

हार्लन : ऐकू देत की! शेजारी काय त्याच्यावर खूश आहेत? अख्ख्या नेब्रास्कात आपलं हसं झालं. शाळेत भूमिती शिकवणारा माणूस कॉलेजच्या फुटबॉलचा मुख्य कोच! पहिल्या दिवशी पोरांना काय म्हणाला ठाऊक आहे? “चेंडूपेक्षा डोकं महाग आहे.” अरे, हा काय टेबलावर बसून खेळायचा खेळ आहे? अंगावर जायचं, आडवं करायचं, चेंडू हातात धरून पुढं निघायचं. आणि आल्या आल्या बैलगोल बंद केला त्यानं!

मर्ल : ते मला बरंच वाटलं बुवा. एकाला मध्ये उभं करायचं आणि चहूबाजूंनी एकेकानं धावत येऊन धडक मारायची. त्याच्या भीतीनं तर मी बँडमध्ये जाऊन ढोल धरला.

हार्लन : म्हणून तू ढोल बडवलास आणि मी दहा नंबरचा शर्ट घातला. बैलगोलात मला चांदण्या दिसल्या. उठलो, तोंड धुतलं, शनिवारी क्वार्टरबॅक म्हणून, संघाचे चेंडू फेकायला मीच उतरलो. यानं बंद केला म्हणून काय अडलं? ऑगस्टात मी माझ्या खळ्यात घेतला की! सगळी पोरं आली. आमच्या ट्रेंटला मध्ये उभा केला. धडकांवर धडका खाल्ल्या पोरानं. एकदा गुडघ्यावर गेला, पण उठला. बाप कोण आहे त्याचा?

मर्ल : आणि चौथ्या सामन्यापासून बाकावर.

हार्लन : तेच ना! या भागात त्याच्यासारखा चेंडू फेकणारा दुसरा दाखव. त्याला बसवतो आणि कुठल्या शेंबड्या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवतो. का म्हणून विचारायला गेलो, तर “निर्णय माझा आहे.” बस! वर चहा विचारतो. चहा! येत्या शनिवारी शेवटचा सामना, मर्ल. शेवटच्या वर्षाची पोरं आईबापाला घेऊन मैदानात चालत जातात. आईच्या कोटाला फूल लावतात. मी माझ्या आईबापाबरोबर चाललो आणि त्यानंतर खेळलो. माझा पोरगा चालणार, आणि मग परत जाऊन बाकावर बसणार? लोकांसमोर?

मर्ल : म्हणून पाट्या.

हार्लन : म्हणून पाट्या. उद्या कॉलेजचे विश्वस्त बसतायत. त्यांच्या कानावर हे गेलं की मास्तराची तंतरेल, आणि शनिवारी तो ट्रेंटला उतरवेल. एक सामना. दुसरं काही नको मला.

मर्ल : ट्रेंटचं काय म्हणणं?

हार्लन : तो फोन उचलत नाही, गेले तीन सामने बाकावरही फिरकला नाही. घुश्श्यात आहे. हॉस्टेलवर गेलो तर म्हणे बाहेर गेलाय अभ्यासाला. बघ, चेंडू काढून घेतला आणि पुस्तक दिलं हातात.

मर्ल : दाजी, वरच्या खिडकीला गोधडी टांगलीय. भर दिवसा. निळीपिवळी.

हार्लन : पडदे उतरवले असतील. सामान बांधायला लागला बहुतेक. एवढी तरी अक्कल आहे म्हणायची. ती शेवटची पाटी दे, दारासमोरच ठोकू.

(घराचं पुढचं दार उघडतं.)

आर्डिस : तो हातोडा खाली ठेव.

मर्ल : ताई?

हार्लन : आर्डिस! तू इथं काय करतेस? तू तर चर्चला...

मर्ल : तिची गाडी चर्चसमोरच होती की. मी पाहिली.

आर्डिस : गाडी तिथंच आहे. मी चालत आले. हातोडा ठेव म्हटलं ना? प्रत्येक घावाला तो वर कळवळतोय.

हार्लन : कोण, टिंडल? कळवळू दे.

आर्डिस : टिंडल बायकोबरोबर चर्चला गेलाय. वर ट्रेंट आहे.

हार्लन : आपला ट्रेंट? मास्तराच्या घरात?

आर्डिस : तीन आठवडे झाले. त्याला उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही. हॉस्टेलच्या गोंगाटात तो भिंतीला डोकं टेकून बसायचा. टिंडल त्याला उचलून घरी घेऊन आला. आणि ती गोधडी माझी आहे, हार्लन. वीस वर्षं तुझ्या अंगावर होती. तिच्याकडे टक लावून बघितलंस आणि तुला ती ओळखू आली नाही.

हार्लन : कुठल्या सामन्यात लागलं? मला कसं दिसलं नाही? मी एकही सामना चुकवलेला नाही.

आर्डिस : सामन्यात नाही. तुझ्या खळ्यात. रात्री त्यानं जेवण ओकलं, तू म्हणालास ऊन लागलं. त्यानंतर तीन सामने त्याला एकाचे दोन चेंडू दिसत होते. कुणाजवळ बोलला नाही. आपल्या माणसाला चेंडू फेकतोय की दुसऱ्याच्या, हे जेव्हा त्याला कळेना, तेव्हा त्या गणितमास्तराच्या ध्यानात आलं. तुझ्या नाही.

हार्लन : मग मास्तरानं मला सांगायचं! चहा विचारतो, हे नाही सांगत?

आर्डिस : बाबांना सांगू नका म्हणून ट्रेंटनं त्याचे हात धरले. मोठा झालेला पोरगा आहे, त्याला दिलेला शब्द मास्तरानं पाळला. माझं काही त्या टिंडलवर प्रेम नाही. कोच म्हणून तो सुमारच आहे, आणि हरतो ते खरोखरच हरतो. पण गावाच्या शिव्या खाऊन तो गप्प राहिला. तू राहिला असतास का?

हार्लन : डॉक्टर काय म्हणतात? शनिवारपर्यंत...

आर्डिस : शनिवार! अजून तुझ्या तोंडात शनिवार! डॉक्टर म्हणतात, परत खेळायचं नाही. कधीच नाही.

हार्लन : दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. ओमाहाला न्यायचं त्याला, तिथं...

आर्डिस : हेच. हेच ऐकायचं नव्हतं मला, म्हणून तुला सांगितलं नाही. तुझी लाज वाटते मला, हार्लन. भावासमोर सांगते.

मर्ल : मी गाडीत जाऊन बसतो, ताई.

आर्डिस : तू कुठं निघालास? पाट्या कोणी आणल्या?

हार्लन : त्यानं मला का नाही सांगितलं? मी बाप आहे त्याचा.

आर्डिस : तेही विचारलं मी. म्हणाला, “बाबा मास्तरला नालायक म्हणतात ते मला चालतं. मला म्हणायला नकोत.”

मर्ल : दाजी, बसा जरा. या पायरीवर बसा.

हार्लन : मी कशाला म्हटलं असतं त्याला? माझा पोरगा आहे तो.

आर्डिस : ढोल वाजवला म्हणून माझ्या भावाला तू तीस वर्षं शेळपट म्हणतोयस. ट्रेंट ते ऐकतच लहानाचा मोठा झाला.

मर्ल : माझं काही नाही, ताई. मला सवय आहे.

हार्लन : आर्डिस, मला वर जाऊ दे.

आर्डिस : विचारते त्याला. हो म्हणाला तर ये. बूट बाहेर काढ, आणि वर आल्यावर चेंडूचं नाव काढायचं नाही. नाही म्हणाला तर घरी जायचं.

हार्लन : शनिवारी... मैदानात चालायला तरी येईल का तो? नुसतं चालायला?

आर्डिस : बँड वाजतो तिथं, हार्लन.

मर्ल : गेली आत. दाजी, चर्च सुटेल आता. या पाट्या... एवढ्या घट्ट बसल्यात, हातोड्यानं ठोकून हलवल्याशिवाय निघायच्या नाहीत.

हार्लन : हातोडा गाडीत ठेव. हातांनी काढू.

मर्ल : हातांनी? जमीन गोठलीय, दाजी! बोटं सोलून निघतील!

हार्लन : हळू बोल.