दोन बाटल्या, एक डबा

शिरीन : तसं नाही चाचा, फॉर्मवर पहिला प्रश्नच तो आहे. मृत्यूची बातमी तुम्हाला कुणाकडून कळली?

मोकसेद : तुझ्याकडून.

शिरीन : माझ्याकडून कशी? त्या दिवशी मी बोरिशालला होते, कचेरीत.

मोकसेद : तेच सांगतोय. मी नदीपलीकडे, हाशेमच्या होडीखाली उताणा पडून फटींत काथ्या ठोकत होतो. काठावरून तुमचा तो गावातला, जन्म-मृत्यू कळवणारा खबऱ्या ओरडला, "मोकसेदमिया, शिरीन आपाचा फोन आहे, जोबेदाचाची गेल्याची वेळ अकरा लिहू की सव्वाअकरा?" झालं. मला कळलं. बायको माझी, बेचाळीस वर्षांची. पण आधी खबऱ्याला कळलं, मग तुला, मग तुझ्या हातातल्या त्या फॉर्मच्या यंत्राला. माझा नंबर चौथा.

शिरीन : तो असं विचारेल हे मला ठाऊक नव्हतं चाचा. खरंच.

मोकसेद : लिही ना मग. काय पर्याय आहेत?

शिरीन : नातेवाईक, शेजारी, इतर.

मोकसेद : तू कशात बसतेस?

शिरीन : इतर.

मोकसेद : अकरा वर्षं दर दोन महिन्यांनी या अंगणात पान खाऊन जातेस, आणि ठरलीस इतर. बरं, पुढे.

शिरीन : चाळीस दिवस मुद्दाम आले नाही मी. नियम आहे, दुःखाच्या घरी चाळिसावा होईपर्यंत फॉर्म घेऊन जायचं नाही.

मोकसेद : छान नियम. एक्केचाळिसाव्या दिवशी दुःख उतरतं, हे ढाक्याच्या डॉक्टरांनी मोजून काढलं असेल.

कोहिनूर : भाईजान, तिला विचारू द्या ना. तिचं काम आहे ते. आपा, तू विचार.

शिरीन : आता नुसतं हो किंवा नाही सांगायचं. मृत्यूपूर्वी ताप होता?

मोकसेद : नाही.

शिरीन : साप किंवा कुत्रं चावलं होतं?

मोकसेद : विळीवर बसून वांगी चिरत होती.

शिरीन : म्हणजे नाही. पाण्यात बुडाल्या होत्या?

मोकसेद : चुलीपुढे?

शिरीन : गरोदर होत्या?

मोकसेद : ऐकलंस का कोहिनूर? तुझी जाऊ बासष्टाव्या वर्षी गरोदर होती का विचारतायत.

शिरीन : बाई लिहिलं की तो प्रश्न आपोआप येतो चाचा. उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मोकसेद : मग नाही म्हण, उघड पान. जोबेदा असती तर आठ दिवस घाटावर हेच सांगत फिरली असती. पोट धरून हसली असती.

शिरीन : तोंड वाकडं झालं होतं? हातापायातली ताकद गेली होती?

कोहिनूर : ते मी सांगते. मी समोर होते. उजवा हात एकदम खाली पडला. वांगं घरंगळत माझ्यापर्यंत आलं. मला वाटलं, जोबेदाबुबू थट्टा करतेय. मला "कोहि" म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडात येईना.

शिरीन : किती वेळ होत्या तशा?

कोहिनूर : घाटापर्यंत. होडीत घेतली तेव्हा नव्हती.

शिरीन : पक्षाघात लिहिते. आता औषधाचं एकच पान उरलं. प्रेशरच्या अभ्यासातली गोळी त्या रोज घेत होत्या का? शेवटच्या दोन महिन्यांत एखादी चुकली?

मोकसेद : एकही नाही. तूच मोजायचीस ना उरलेल्या? त्याबद्दल छत्री दिलीत तिला, "नेमाने गोळी, निरोगी आयुष्य" छापलेली. ती बघ, खुंटीला आहे. उघडलीसुद्धा नाही. ईदला उघडणार होती.

शिरीन : मग "हो" लिहिते.

मोकसेद : थांब. आता एक प्रश्न माझा. मलाही हो किंवा नाहीच चालेल. तिच्या बाटलीत औषध होतं का?

शिरीन : मला माहीत नाही चाचा.

मोकसेद : डॉक्टरला विचार.

शिरीन : त्यांनाही माहीत नाही. दोन्ही गोळ्या सारख्या दिसतात, बाटलीवर नुसता नंबर असतो. कुठल्या नंबरात औषध आणि कुठल्यात खडू, हे ढाक्यात कुलूपबंद आहे. अभ्यास संपला की उघडतील. अजून दोन वर्षं.

मोकसेद : म्हणजे देणाऱ्याला ठाऊक नाही, खाणारीला ठाऊक नाही.

शिरीन : तसंच करावं लागतं. नाहीतर आपलीच समजूत आड येते.

मोकसेद : मी पण तसंच करतो आता. अर्ध्या होड्यांच्या फटींत काथ्या भरतो, अर्ध्यांच्या शेण. वरून डांबर सगळ्यांना एकसारखं. कुठल्या होडीत काय, मालकाला सांगणार नाही, मीही विसरतो. मग काठावर बसून बघायचं, कुठल्या बुडतात.

शिरीन : तसं नाहीये हो! प्रेशर थोडंसंच वाढलेलं असेल तर गोळी द्यावी की नाही, हे कुणालाच धड माहीत नाही. माहीत असून लपवलं असतं तर मी हे काम केलं असतं का? हे कळलं तर उद्या हजारो घरांना उपयोग होईल.

मोकसेद : होईल. हजारो घरांचं भलं होवो. मी माझ्या एका घराचं विचारतोय.

शिरीन : ते मला सांगता येत नाही.

कोहिनूर : तुम्हीच सांगा आता भाईजान. नाहीतर मी सांगते.

मोकसेद : तू गप्प बस.

शिरीन : काय सांगायचंय?

कोहिनूर : डब्याचं.

शिरीन : कुठला डबा?

कोहिनूर : तो, कुरमुऱ्यांचा. आपा, तूच आम्हाला दोघींना बसवून सांगितलं होतंस, एकीच्या बाटलीत औषध असेल, एकीच्या नसेल, कुणाच्या ते कुणालाच कळणार नाही.

शिरीन : हो. समजावून सांगितल्याशिवाय कुणाचं नाव घालताच येत नाही. तुम्ही म्हणालात, समजलं.

कोहिनूर : समजलंच होतं. म्हणून तर. या अंगणात एवढासा मासा आला तरी दोन चुलींना जातो. कुर्बानीचे वाटे आम्ही तोलून करतो. मग एकीनं औषध खायचं आणि एकीनं खडू चघळायचा? तू गेलीस की आम्ही दोन्ही बाटल्या डब्यात ओतायचो, डबा चांगला हलवायचो, आणि निम्म्या निम्म्या परत भरायचो.

शिरीन : कधी?

कोहिनूर : दर वेळी.

शिरीन : तीन वर्षं? दर वेळी? मी मोजत होते चाची! एक गोळी कमी नाही, एक जास्त नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, शिरीनचं अंगण म्हणजे नमुना आहे.

मोकसेद : खोटं नाही बोलले.

शिरीन : हसू नका चाचा. या दोघींचे तीन वर्षांचे आकडे केरात गेले. आणि आणखी कुणी असं केलं असेल तर?

कोहिनूर : मी कुणाचं नाव घेणार नाही.

शिरीन : म्हणजे केलंय!

मोकसेद : जोबेदा पूर्वेच्या अंगणात शिकवायला गेली होती. तिथल्या त्या दोघी सासू-सुना भांडत होत्या, कुणाची बाटली खरी म्हणून. ही डबा घेऊन गेली आणि वाटणी करून आली. भला गाव आहे आपा. असले अभ्यास भांडखोर गावात करावेत.

शिरीन : या अल्ला. पूर्वेचं अंगणही.

कोहिनूर : आपा, मला तुझे आकडे कळत नाहीत. मला एवढंच कळतं, बुबूच्या बाटलीत औषध असेल तर तिचं निम्मं मी खाल्लं. चाळीस दिवस घास घेताना तेच येतं मनात. भाईजान बोलत नाहीत, पण त्यांच्याही मनात तेच असणार.

मोकसेद : माझ्या मनात काय आहे ते तू नको सांगू.

कोहिनूर : मग तुम्ही सांगा. इतके दिवस माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

मोकसेद : तुझ्याकडे कुठल्या तोंडानं बघू? विसरलीस? डब्याची अक्कल कुणाची होती?

कोहिनूर : भाईजान...

मोकसेद : माझी होती आपा. पहिल्या दिवशी या दोघी इथेच बसून वाद घालत होत्या. ही म्हणे, बुबू, तुझी बाटली खरी वाटते, तूच दोन्ही ठेव. ती म्हणे, नको, तू लहान आहेस, तू ठेव. माझा भात निवत होता. मी ओरडलो, ओता एका डब्यात आणि वाढा मला. इतकी साधी गोष्ट. मलाच माझं कौतुक वाटलं. संध्याकाळी घाटावर चार जणांना सांगितलं, ढाक्याच्या डॉक्टरांना कसं चकवलं ते.

शिरीन : तुम्ही मुद्दाम नाही केलं.

मोकसेद : मुद्दाम नाही केलं, म्हणून तर माहीत नाही काय केलं. तिच्या बाटलीत खडू असेल, तर मी तिला तीन वर्षं निम्मं तरी औषध मिळवून दिलं. आणि औषध असेल, तर तिचं निम्मं काढून घेतलं. दोन्हीपैकी एकच खरं आहे, आणि ते ढाक्यात कुलपात आहे. म्हणून विचारतोय मी, हो की नाही. छंद म्हणून नाही.

शिरीन : मी हे कळवलं तरी ते कुलूप उघडणार नाहीत चाचा. उलट दोन अंगणं रद्द होतील आणि माझी नोकरी जाईल. नाही कळवलं तर... गोळ्या मोजून बरोबर आहेत. मी "हो" दाबलं तर कुणालाही कळणार नाही.

मोकसेद : तू आधी हिचं प्रेशर बघ.

कोहिनूर : माझं कशाला? माझी तपासणी पुढच्या महिन्यात आहे.

मोकसेद : सकाळपासून तीनदा डोकं दाबलंस. हात पुढे कर.

(पट्टा फुगतो, सैल पडतो. शिरीन तो पुन्हा फुगवते.)

मोकसेद : किती?

शिरीन : ठीक आहे चाची, जरा पाणी प्या.

मोकसेद : अकरा वर्षं तू हेच म्हणतेस. ठीक आहे चाची. जोबेदालाही हेच म्हणायचीस, आणि आकडा त्या यंत्राला सांगायचीस. आज माणसांना सांग.

शिरीन : एकशे ब्याऐंशी.

मोकसेद : गेल्या खेपेला?

शिरीन : एकशे चौपन्न.

मोकसेद : वाईट आहे?

शिरीन : हो, वाईट आहे. आजच इस्पितळात न्यायला हवं. पण कागदावर त्या रोज नेमाने गोळी घेतात. तिथले डॉक्टर कागद बघतील आणि म्हणतील, एकदा वाढलंय, गोळी चालू ठेवा, पुढच्या महिन्यात या.

मोकसेद : आणि डब्याचं कळलं तर?

शिरीन : तर अभ्यासातून काढतील. ठेवून घेतील, आणि बिननंबरी औषध देतील. नाव लिहिलेलं.

मोकसेद : मग "हो" दाबू नकोस.

शिरीन : आणि माझं काय चाचा? दोन मुलं आहेत माझी.

मोकसेद : माझ्या नावावर घाल सगळं. लिही, म्हातारा लबाड आहे, बायकांना त्याने भरीला घातलं, आपाला कळू दिलं नाही. खोटं काय त्यात? घराचा नंबर तुम्हीच दारावर ठोकलाय, शोधावं लागणार नाही. साहेबाला म्हणावं, ये. छत्री परत न्यायची असेल तर तीही ने.

कोहिनूर : मी नाही जात कुठे. चुलीवर भात आहे.

मोकसेद : भात मी उतरवतो. माझा भाऊ चितगावहून आला आणि मी त्याला सांगायचं का, तुझी बायको पण विळीवरून पडली म्हणून? ऊठ. दोनची लाँच मिळेल. आपा, तू हिच्याबरोबर जा. कागदावर विश्वास ठेवणारे डॉक्टर आहेत, तोंडानं सांगायला कुणीतरी हवं.

शिरीन : जाते. पण हे लिहू कुठे? डब्यासाठी जागाच नाही फॉर्ममध्ये.

मोकसेद : सापासाठी आहे.

शिरीन : थांबा. शेवटी एक चौकोन आहे. "कुटुंबाला आणखी काही सांगायचे आहे का?" आम्ही तिथे नेहमी "नाही" दाबून फॉर्म बंद करतो. अकरा वर्षांत मी एकदाही उघडला नाही.

मोकसेद : मावेल त्यात?

शिरीन : बघू. "दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या पहिल्या महिन्यापासून एका डब्यात मिसळून निम्म्या निम्म्या घेतल्या जात होत्या. असे करण्यास मृत बाईच्या नवऱ्याने सांगितले." बरोबर?

मोकसेद : नाव घाल. मोकसेद अली सरदार.

शिरीन : घातलं. पूर्वेच्या अंगणाचं?

कोहिनूर : त्यांचंही घाल आपा. तिथल्या सासूचंही डोकं दुखतं म्हणे.

शिरीन : घातलं. डबा कुठे आहे?

कोहिनूर : फळीवर. उरलेल्या सतरा गोळ्या आता त्यातच ठेवल्यात.

शिरीन : त्याला आता कुणी हात लावू नका. चाचा, आणखी काही? मग मी बंद करते.

मोकसेद : लिही. जोबेदाच्या बाटलीत काय होतं, ते तुम्ही मला सांगायचं राहिलंय.