प्रत्येक ओळीपुढे जोमार

— नाही, बसू नकोस. ते भाताचं पुडकं ठेव खाली आणि उभ्यानंच ऐक, दोंग. मी धाकट्या भावासारखं 'दोंग, दोंग' करायचं, आणि तू माझ्या कष्टांवर बोळा फिरवून वर थोरल्या बहिणीला म्हणावं तसं 'मानांग, मानांग' करायचं! काय केलं विचारतोस? बघ ना स्क्रीनवर! सेबूहून सुटणाऱ्या सगळ्या बोटींची तिकिटं ज्या प्रोग्रामवर निघतात, तो लिहिला कोणी? मी. फ्लोरितानं. आणि आता ओळीओळीपुढे नाव कुणाचं? जोमार, जोमार, जोमार! एक अक्षर बदललं नाहीस म्हणतोस — अरे तेच तर! फायली तुझ्या त्या विंडोजवर उघडल्यास, सेव्ह केल्यास, दिल्यास सर्व्हरवर चढवून. ओळ संपली की आपल्या लिनक्सवर एकच खूण असते, न दिसणारी. तुझं विंडोज तिथे दोन ठेवतं. झालं! कुठली ओळ कुणी लिहिली ते टिपणाऱ्या नोंदीला वाटतं, सगळ्या ओळी नव्या, सगळ्या तुझ्या.

काय? जुनी नोंद पुसली जात नाही? मला शिकवतोस? आहे ना, खाली गाडलेली आहे — पण सर उकरून बघतात का? त्यांचा तक्ता फक्त वरचं नाव मोजतो, आणि उद्या त्याच तक्त्यावरून ठरणार, कोण राहणार नि कोण घरी बसणार. हसतोस कशाला? माझी आई अजून बाजारात सांगते, पोरगी बोटीच्या कचेरीत टायपिंग करते. सांगेना का! मी निघताना रोज ती फाईल उघडून बघायचे — फ्लोरिता, फ्लोरिता, पार खालपर्यंत फ्लोरिता... हो, वेड्यासारखी. तुला काय करायचंय? आत्ताच्या आत्ता मागे घे हे.

घेता येत नाही म्हणजे? कुणाला विचारावं लागेल? — थांब. सर म्हणाले? सगळ्या फायली एकदा तुझ्या मशीनवर सेव्ह करून चढव, असं सर स्वतः म्हणाले तुला? मी आईला घेऊन दवाखान्यात होते तेव्हा? — अरे, पण त्यांना माहीत होतं, दोंग. असं केलं की काय होतं, ते मीच फळ्यावर काढून दाखवलं होतं त्यांना. मान डोलावून ऐकत होते. दोनदा विचारलं त्यांनी, म्हणजे नाव खरंच बदलतं का...

जा तू. जेवून घे. — नको, मला भूक नाही. जा म्हणते ना!