कापसात गेलेली वही

माझं माहेर नेरजवळचं, चौथीपर्यंत शिकली, मंग लहान बहिणीले सांभाळाले घरी बसवली. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, म्हणून एबीसीडीही हाती लागली नाही. लग्न होऊन इथं आली, कापूस, तूर, दोन बैलं, सारं बरं होतं. मंग धाकली जाऊ आली, वैशाली, वणीची, बाप कोळशाच्या खाणीत नोकरीले, कॉलेज शिकलेली.

काय सांगू तुमाले, माझी पायल सातवीत गेली अन् रोज शाळेतून आली की दप्तर फेकून काकूकडं. वैशालीनं तिले एक वही लावून देल्ली, एक शब्द, त्याचा सोपा अर्थ, अन् घरातलंच एक वाक्य. थर्स्टी म्हणजे तहानलेला, द बुलक इज थर्स्टी. मधात एकच भिंत, मी इकडं भाकरी थापून राह्यली अन् तिकडचं सारं आयकू येये. एक दिवस आलं, क्लेव्हर म्हणजे हुशार, माय आन्टी इज क्लेव्हर. मंग आलं, टायर्ड म्हणजे थकलेली, माय मदर इज टायर्ड. आता आन्टी अन् मदर त मलेही समजते. लय जळली मी. पोरीच्या डोक्यातल्या उवा मी काढू, तापात उशाशी मी बसू, अन् हुशार कोण, त काकू.

समोरच्या खोलीत भाव वाढाची वाट पाहत कापूस भरून होता. दुसऱ्या दिवशी वही उचलली अन् खांद्यापर्यंत हात घालून कापसात खुपसली. दोन दिवस शोधू दे, मंग काढून देईन, असं मनात होतं. पण मी तुरीच्या वावरात गेलती, तेवढ्यात पायलच्या बापानं गाडी बोलावली, कापूस भरला अन् बाजारात नेऊन इकला. घरी आली त खोली झाडून साफ.

पोरगी जेवेना. परीक्षा चार दिवसांवर. वैशाली म्हणे, भाभी, सुचेल तसं सांगत होती मी, आता काही ध्यानात नाही. मंग मीच म्हटलं, आण नवी वही, लिही. थर्स्टी म्हणजे तहानलेला, द बुलक इज थर्स्टी. एकामागून एक, आयकले तसे सारेच्या सारे सांगितले. पायल माझ्या तोंडाकडं पाहे, आई, तुले कसं येते व. जळता जळता पाठ झालं, असं सांगू का तिले? टायर्डही सांगितलं. क्लेव्हर म्हणजे हुशार, इथपर्यंत आली अन् पुढचं वाक्य तोंडातून निघेना. पायलनं मंग मनानंच काहीतरी लिवलं अन् पान उलटवलं.

आता पायल यवतमाळले नर्सिंग शिकून राह्यली. फोन आला की अजूनही पहिले विचारते, काकू कुठी आहे. वही मी कापसात घातलती, हे तिले माहीत नाही, तुमालेच सांगून राह्यली. देव तिले सुखी ठेवो, जावेलेही ठेवो, तिनं माझ्या पोरीचं चांगलंच केलं, नाही कसं म्हणू.

ती नवी वही माझ्या पेटीत आहे. हुशार हा शब्द पाहून क्लेव्हरचं पान मी दुमडून ठेवलं, पण इंग्रजी मले आयकता येते, वाचता नाही येत. घरात वाचणारी एकच, अन् तिच्यापुढं त मी वही धरणार नाही. तुमाले येते ना वाचता? थांबा, पेटी उघडते.

नाही, राहू द्या. त्या पानावर काकूच निघाली त?