शवपेटीतून उठवणारा हात

अल्मेरियाच्या इस्पितळात, तपासणीच्या खोलीबाहेर, दोन म्हातारे माझ्या शेजारी बसले होते. इटालियन लोक आमच्या वाळवंटात काउबॉयचे सिनेमे काढायचे, तेव्हा हे दोघं त्यांत गोळ्या खाऊन पडायचे.

"तुल्लियो गेला, हिनेस. रेडिओवर सांगितलं."

"दिग्दर्शक होता, देव नव्हता. जाणारच की."

"मला उठवायचं राहूनच गेलं त्याचं."

"झालं, पुन्हा तेच!"

"सिनेमातल्या शवपेटीत झोपलेल्याला दिग्दर्शकानंच हात देऊन उठवायचं, नाहीतर पेटी त्याला पुन्हा बोलावते, ही आपली रीत होती ना? त्या दिवशी ऊन चाललं म्हणून तुल्लियो कॅमेरा घेऊन टेकडीवर पळाला. मी आपला एकटाच उठलो."

"आणि तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही वेळा जेवतोयस, सेराफिन."

"रामोनला उठवलं होतं त्यानं."

"तो खलनायक? तोही गेलाच की."

"नव्वदीत गेला. झोपेत. कळलंसुद्धा नाही त्याला."

"अरे, पोटाचा नुसता फोटो काढायचाय."

"त्या यंत्रात आडवं घालून आत सरकवतात. पेटीच ती."

"मग बाहेरही सरकवतात."

"बाहेर सरकवतील रे. पण हात कोण देणार?"

"तुझे हात बघ किती गार पडलेत. जाकीट घाल."

"तुल्लियोच गेला, आता कोण..."

दार उघडलं. नर्सनं सेराफिनचं नाव पुकारलं. तो जागचा हलेना. हिनेसच आधी उठला.

"बाई, मीही आत येणार."

"तुम्ही कोण यांचे? भाऊ?"

"नाही. दिग्दर्शक."