पदराला बांधलेली

मिरजगावहून नगरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. माझा दीड वर्षांचा अनिमेष मांडीवरून सारखा खाली उतरू बघत होता.

“आई, युरोपात बर्फात साडी भिजते. नगरला तुझ्यासाठी तीन ड्रेस घेऊ.”

“मी न्हाई घालायची. तू एकलीच जा.”

“अगं, व्हिसा आलाय तुझा! आणि तिथं तुला बघायला गावातलं कोण येतंय?”

“लाजतंय कोन? स्नेहल, राशीनच्या यात्रेत तू हरवली हुतीस, याद हाय का?”

“पाच वर्षांची होते गं मी.”

“फुगेवाल्यामागं गेल्तीस. सापडल्यावर तुझ्या फ्रॉकचा पट्टा पदराला बांधला, तवा कुठं माझा जीव थाऱ्यावर आला.”

“आता मी एकतीसची आहे. आणि हरवलीस तर तूच हरवशील. तुझ्या गळ्यात माझा नंबर अडकवणार आहे मी.”

“मी कशाला हरवते? मी एका जागी उभी ऱ्हाते. तूच मोबाईलात बघत चालतीस. ड्रेसला पदर असतो का?”

“ओढणी असते की.”

“ती निसटती.”

“पिन लावू.”

“दोन लाव. अन् तुझ्या पर्सचा पट्टा लांब घे. गाठ बसली पायजे.”

“...बरं. लांबच घेते.”

नगर आलं, तेव्हा अनिमेषच्या चड्डीच्या नाडीला मी मारलेली माझ्या ओढणीची गाठ काही केल्या सुटेना.